एकोणिसावा आलेला धावपटू

(पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील कारखान्यांत काम करणाऱ्या हौशी धावपटूंसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



येथे जमलेल्यांपैकी अनेक जण रात्रपाळी उरकून आले आहेत आणि काहींना येथून उठून थेट दुसरी पाळी गाठायची आहे. तेव्हा प्रास्ताविकात वेळ न दवडता विषयाकडे वळणे योग्य. विषय एका धावपटूचा आहे. तो ऑलिंपिकमध्ये एकोणिसावा आला. पदक त्याला मिळाले नाही आणि पदक नसलेल्यांची नावे आपल्या सामाजिक स्मरणात फार काळ टिकत नाहीत. बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले. भारताच्या वतीने ऑलिंपिक मॅरेथॉन धावून पूर्ण करणारा पहिला माणूस. वर्ष १९२०, स्थळ बेल्जियममधील अँटवर्प.

बेळगावबाहेर हे नाव किती जणांना ठाऊक आहे? कुस्तीगीर खाशाबा जाधव यांचे नाव निदान आता तरी घरोघरी पोहोचले आहे. चौगुले यांच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्यांची आठवण करायची ती केवळ अन्यायाचा पाढा वाचण्यासाठी नव्हे. त्यांच्या त्या धावण्यामागे एक संस्था होती, एका दानशूर उद्योगपतीची नजर होती आणि एक घड्याळ होते. या तिन्ही गोष्टींचा आपल्या या औद्योगिक पट्ट्याशी संबंध आहे.

पुण्याची डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. पारतंत्र्याच्या त्या काळात शरीर कमावणे हे राष्ट्रकार्य मानले जाई. तालमी, आखाडे आणि मल्लखांब होतेच. त्यांच्या जोडीला मैदानी खेळांचे संघटित रूप उभे करावे, अशी कल्पना त्यामागे होती. संस्थेचे पहिले अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांना देण्यात आले. जमशेदजींचे हे ज्येष्ठ पुत्र इंग्लंडमध्ये शिकले होते, तेथे बहुतेक सर्व मैदानी खेळ खेळले होते आणि परतल्यावर मुंबईतील शाळांमध्ये क्रीडास्पर्धा सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला होता.

जिमखान्याच्या पहिल्या मैदानी स्पर्धेत दोराबजींनी काय पाहिले, हे त्यांनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या एका पत्रात सांगितले आहे. स्पर्धक होते ती शेतात राबणारी, साध्या अन्नावर जगणारी कुणब्यांची पोरे. युरोपीय नियम आणि प्रशिक्षण हे शब्द त्यांच्या गावीही नव्हते. मैदान लहान, न दाबलेले, गवताचे. शंभर यार्डांच्या प्राथमिक फेऱ्या चक्क वळणावरून घेण्याचा बेत होता आणि प्रत्येकाची वाट वेगळी ठेवणाऱ्या दोऱ्याही बांधलेल्या नव्हत्या! इंग्लंडात वाढलेल्या माणसाला हे पाहून हसू आले असते तर नवल नव्हते. त्या मुलांच्या लेखी मात्र धावणे म्हणजे धावणे. जमीन कशी आहे, वळण किती आहे, याचा विचार कशाला?

पण मुलांच्या वेळा नोंदल्या गेल्या होत्या, आणि त्या वेळा पाहिल्यावर दोराबजी थबकले. अनवाणी धावणाऱ्या, कोणी कधी शिकवले नाही अशा या मुलांपैकी काहींच्या वेळा युरोपातील वेळांशी तुलना करण्याजोग्या होत्या. विशेषतः लांब पल्ल्याच्या शर्यतीत.

येथे थोडे थांबावे. ही मुले वेगाने धावू शकतात हे त्यांच्या गावाला आधीपासून माहीत असणार. गावातल्या म्हाताऱ्यांनी ते कौतुकाने पाहिले असेल आणि बैलामागे धावणाऱ्या पोराला कोणी तरी शाबासकीही दिली असेल. पण कोणी त्या धावण्याची वेळ मोजली नव्हती. डेक्कन जिमखान्याने, वेडेवाकडे का होईना, मैदान आखले, हातात घड्याळ घेतले, आकडा कागदावर लिहिला, आणि त्या आकड्याची भाषा कळणारा माणूस अध्यक्ष म्हणून तेथे बसलेला होता. एवढ्या चार गोष्टी एका ठिकाणी आल्या म्हणून अँटवर्प घडले. प्रतिभा त्यापूर्वीही होती. जासूद म्हणून शेकडो वर्षे महाराष्ट्रातल्या वाटांवरून पत्रे घेऊन धावलेल्या माणसांत ती नव्हती, असे कोण म्हणेल? त्यांच्या वेळा कोणी लिहून ठेवल्या नाहीत, इतकेच.

१९१९ साली जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धांना मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. दोराबजींनी त्यांच्यापुढे विषय काढला : पुढच्या वर्षी अँटवर्पला ऑलिंपिक आहे, हिंदुस्थानने त्यात का उतरू नये? त्यांचा मूळ बेत फार मर्यादित होता. लांब पल्ल्याच्या तीन धावपटूंना न्यावे, इंग्लंडमध्ये चांगले अन्न आणि योग्य प्रशिक्षक द्यावा, म्हणजे ते देशाचे नाव राखतील. परंतु ही कल्पना पुण्यात पसरली तशी राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींचा उत्साह दुणावला. तीनच का? संपूर्ण चमूच पाठवू! हेही दोराबजींनीच लिहून ठेवले आहे.

त्या उत्साहाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परक्या सत्तेखाली असलेल्या देशाने जगाच्या मैदानात स्वतःच्या नावाने उतरायचे, ही लहान गोष्ट नव्हती. तरीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करावी लागेल. उत्साह मोठा होता, पण त्याच्या मानाने माहिती अगदीच तोकडी होती. निवडीसाठी जमलेल्या मंडळींपैकी एकाला शंभर मीटर किती वेळात धावायला हवे असे विचारले असता त्याने अर्धा ते एक मिनिट असे उत्तर दिले, आणि हा प्रश्न मिनिटांचा नसून सेकंदांचा व सेकंदाच्या दशांशांचा आहे हे ऐकून तो चकित झाला, अशी एक आठवण सांगितली जाते. राष्ट्राभिमानाला तयारीची जोड नसेल तर काय होते, त्याचा हा नमुना. आपल्याकडे तो पहिला नव्हता आणि शेवटचाही ठरला नाही.

अखेर सहा जणांचा चमू ठरला. चौगुले, सदाशिव दातार आणि कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू. पूर्मा बॅनर्जी हा बंगालचा कमी पल्ल्याचा धावपटू. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल. व्यवस्थापक सोहराब भूत. काही पैसा सरकारने दिला, काही जनतेने आणि मोठा वाटा स्वतः दोराबजींनी उचलला. १९२० च्या उन्हाळ्यात मंडळी बोटीने निघाली. इंग्लंडमध्ये काही आठवडे प्रशिक्षकाच्या हाताखाली सराव झाला. जन्मभर ज्यांनी शेताच्या बांधावर आणि गाडीवाटांवर पाय टाकले, त्यांना बोटीचा प्रवास, परके अन्न आणि आखीव धावपट्टी हे सारे काही आठवड्यांत अंगवळणी पाडायचे होते.

याच दिवसांत १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले. त्यानंतर तेरा दिवसांनी, १४ ऑगस्टला, अँटवर्पच्या ऑलिंपिकचे औपचारिक उद्घाटन झाले. महाराष्ट्र शोकात बुडालेला असताना महाराष्ट्राच्या आणि सीमाभागाच्या मातीतले हे तरुण एका परक्या, युद्धाने पोळलेल्या शहरात ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून संचलनात उभे होते. पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज त्याच स्पर्धेत प्रथम फडकला आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची प्रथाही तेथेच सुरू झाली.

मॅरेथॉन २२ ऑगस्टला होती. आज आपण मॅरेथॉन म्हणतो तेव्हा ४२ किलोमीटर १९५ मीटर हे अंतर गृहीत धरतो. ते तेव्हा कायमचे ठरलेले नव्हते. अँटवर्पचा मार्ग ४२ किलोमीटर ७५० मीटरचा होता. ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. हवा थंड होती आणि पाऊस पडत होता. भर ऑगस्टमधला बेळगावचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला पावसाचे काय कौतुक असणार! पण बेळगावचा पाऊस अंगाला थंडी भरवत नाही, उत्तर युरोपातला भरवतो.

जवळपास पन्नास धावपटू निघाले. पहिला आला फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत. त्याच्यामागे अवघ्या १३ सेकंदांनी एस्टोनियाचा युरी लोसमान. चौगुले एकोणिसावे आले, २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत. पहिल्याच्या मागे १८ मिनिटे.

आकडा नुसता ऐकला तर त्याची किंमत कळत नाही. आपल्यापैकी जे मैदानावर ४०० मीटरच्या फेऱ्या मारतात त्यांनी असा हिशेब करून पाहावा. एक फेरी ९६ सेकंदांत. न थांबता, न मंदावता अशा जवळजवळ १०७ फेऱ्या. किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी वेळ. आजच्या प्रमाणित अंतराला हाच वेग लावला तर सुमारे २ तास ४८ मिनिटे होतात. मऊ तळाचे बूट नाहीत, मार्गावर दर काही अंतराला ताकद देणारे पेय नाही, मनगटावर वेग सांगणारे यंत्र नाही. आज सगळी साधने हाती असताना आपल्या शहरातल्या किती हौशी धावपटूंना तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवता येते, हे येथे बसलेल्यांना वेगळे सांगायला नको.

आता कोलेहमाइनेनविषयी थोडेसे, कारण त्याशिवाय या शर्यतीचा खरा अर्थ कळत नाही. हा माणूस हाताने काम करणारा. अमेरिकेत त्याने गवंडीकाम करून पोट भरले होते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदके जिंकली, तेव्हा फिनलंड रशियाच्या ताब्यात होता आणि त्याच्या विजयानंतर ध्वज चढला तो रशियाचा. तो पाहून, जिंकलो नसतो तर बरे, असे त्याला वाटून गेले म्हणतात. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला. अँटवर्पला तो पुन्हा धावला, तेव्हा मात्र वर गेला तो त्याच्या स्वतःच्या देशाचा ध्वज. दुसरा आलेला लोसमानही नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा. त्या रस्त्यावर एका बाजूला स्वराज्य मिळालेले दोघे होते आणि त्यांच्यामागे १८ मिनिटांवर स्वराज्याची वाट पाहणाऱ्या देशाचा एक तरुण होता. वेगाचा संबंध स्वातंत्र्याशी जोडणे हा भाबडेपणा होईल. पण फिनलंडच्या धावपटूंना अनेक वर्षांची शिस्तबद्ध तयारी मिळाली होती, चौगुले यांना काही आठवडे मिळाले, हा फरक मात्र खरा आहे. दोराबजींचा मूळ बेत, म्हणजे तीनच धावपटू आणि त्यांच्यावर संपूर्ण लक्ष, तसाच राहिला असता आणि त्याला एक वर्ष आधी सुरुवात झाली असती तर? असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

चमूतले दुसरे नाव रणधीर शिंदे यांचे. ते कुस्तीत चौथे आले, पदकाच्या अगदी दारात पोहोचून. अँटवर्पहून पदक आले नाही, पण पुढची वाट तयार झाली. दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले भारतीय सदस्य झाले आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही. १९२८ पासून हॉकीची सुवर्णपदके येऊ लागली आणि त्या झगमगाटात अनवाणी धावणारी कुणब्यांची पोरे मागे पडली. लोकांना अँटवर्पऐवजी ॲम्स्टरडॅमपासून मोजायला शिकवले गेले.

खाशाबांचा उल्लेख सुरुवातीला झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी जायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! आज असे उदाहरण सांगितले तर लोक संशयाने पाहतात. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. आणि योगायोग असा की त्याच हेलसिंकीत, उद्घाटनाच्या दिवशी मैदानाच्या मनोऱ्यावरची ज्योत पेटवण्याचा मान वृद्ध कोलेहमाइनेनला देण्यात आला होता. फिनलंडने आपल्या गवंडी धावपटूला चाळीस वर्षांनंतरही विसरू दिले नव्हते. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, मृत्यूलाही दीड दशक उलटून गेल्यावर.

हे सारे पिंपरी-चिंचवडमध्ये का सांगायचे? हे शहर कारखान्यांभोवती वाढले. १९५४ च्या सुमारास पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात औद्योगिक वसाहत, टेल्को, बजाज आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. फिरंगोजी नरसाळ्याने ज्या संग्रामदुर्गात शाएस्ताखानाच्या प्रचंड फौजेला १६६० साली जवळजवळ दोन महिने रोखून धरले, त्या किल्ल्याच्या परिसरात आता मालमोटारींच्या रांगा लागतात. या कारखान्यांत काम करायला मराठवाड्यातून, विदर्भातून, सातारा-सांगलीच्या दुष्काळी भागातून शेतकऱ्यांचीच मुले आली. म्हणजे १९१९ साली दोराबजींनी जी पोरे पाहिली, त्यांचीच नातवंडे-पतवंडे. फरक एवढाच की शेताऐवजी जुळणीच्या पट्ट्यावर उभी आहेत, आणि अनेकांची नेमणूक कंत्राटी आहे.

कारखान्याने खेळाडूला आधार दिल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांतले एक तर येथल्याच परिसरातले. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, पोहायला शिकले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या दिव्यांगांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवून आले. भारताचे त्या स्पर्धांमधले ते पहिले सुवर्ण. टेल्कोने त्यांना नोकरी दिली. पण समाजाने? पद्मश्रीसाठी २०१८ उजाडावे लागले. दुसरे उदाहरण शिवनाथ सिंह यांचे. बिहारचा हा धावपटू १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये अकरावा आला. त्याहून वर आजवर कोणी भारतीय गेलेला नाही. त्यांनाही जमशेदपूरला टाटांच्याच कारखान्याने सामावून घेतले होते. चौगुले यांच्यानंतर ५६ वर्षांनी आपण एकोणिसाव्यावरून अकराव्या क्रमांकावर पोहोचलो आणि तेथे थांबलो.

हे थांबणे केवळ मैदानांच्या अभावामुळे आहे, असे म्हणणे सोपे आहे. मैदाने कमी आहेत हे खरेच. पण निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे जाऊन पाहावे, इंद्रायणीकाठच्या रस्त्यांवर पाहावे. पाळी सुटल्यावर घरी न जाता दहा-बारा किलोमीटर धावणारी मुले तेथे दिसतात. काही पोलीस किंवा सैन्यभरतीसाठी धावतात, भरतीचे वय उलटले की थांबतात. काहींना कोणी विचारतही नाही की अरे, तू हे अंतर किती वेळात काटतोस? ज्या भूमीतून दरवर्षी लाखो माणसे आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत पायी जातात, तेथे दमाची आणि पायांची वाण असेल कशी? वाण आहे ती मोजणाऱ्याची.

म्हणून या मंडळींकडे मागणे फार मोठे नाही. निधी, पुतळा, सभागृह यांपैकी काही नको. प्रत्येक कारखान्यातल्या दोघा-तिघांनी मिळून महिन्यातून एका रविवारी पहाटे, वाहनांची वर्दळ सुरू होण्यापूर्वी, मोजलेल्या दहा किलोमीटरवर शर्यत घ्यावी. अंतर नीट मोजावे, अंदाजाने नको. कंत्राटी असो की कायम, हेल्पर असो की पर्यवेक्षक, प्रत्येकाचे नाव, गाव आणि वेळ एका जाड वहीत लिहावी. मुलींसाठी स्वतंत्र पाने ठेवावीत आणि ती रिकामी राहणार नाहीत हे पाहावे. ज्याची वेळ डोळ्यांत भरेल त्याला जवळच्या प्रशिक्षकाकडे कोणी तरी सोबत घेऊन जावे. त्याची पाळी बदलून मिळावी म्हणून पर्यवेक्षकाशी बोलण्याचे काम वडीलधाऱ्यांनी करावे. पोराने स्वतः मागितले तर ते मिळणार नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. दोराबजींना पैसा होता, आपल्याला नाही. पण जिमखान्याच्या त्या वाकड्या मैदानावर घड्याळ धरून उभा राहिलेला माणूस दोराबजी नव्हता. तो पुण्यातलाच कोणी साधा कार्यकर्ता असणार.

आणि वहीत लिहिताना पहिल्या तिघांवर थांबू नये. अँटवर्पच्या अधिकाऱ्यांनी पावसात उभे राहून एकोणिसाव्याचीही वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंत टिपली, म्हणून आज बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांचे धावणे आपल्याला फेऱ्यांमध्ये मोजता आले. पुढच्या रविवारी शेवटचा मुलगा येईपर्यंत घड्याळ चालू ठेवावे. तो रात्रपाळी करून आलेला असेल, त्याला थोडा उशीर होईल.